रेघेवर पडलेला बॉल
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

टेनिस आणि ख्रिस्ती जीवन यावर गेल्या महिन्यात प्रश्न मागवले होते. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. हाताच्या चुकीला लोक विश्वासातली उणीव समजतात, आणि जिथे खरोखर विश्वासाचा प्रश्न असतो तिथे "खेळात चालायचंच" म्हणून सोडून देतात. उत्तरं देताना आम्ही ही दोन खाती वेगळी ठेवली आहेत.

"दुसऱ्या सर्व्हिसच्या आधी मी मनातल्या मनात प्रार्थना करतो. तरी एका सेटमध्ये पाच-सहा डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट जाणं) होतातच. माझा विश्वास कमी पडतोय का?"
एक वाचक, कासारवडवली

विश्वासाचं आम्हाला सांगता येणार नाही, पण टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी बॉल वर फेकणं, नक्की कमी पडतोय. यरुशलेमचा कोट बांधताना शत्रू चाल करून येणार असं कळल्यावर नहेम्यानं काय केलं ते बायबलमधल्या त्याच्या पुस्तकात, चौथ्या अध्यायाच्या नवव्या वचनात आहे: देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला. तुमची प्रार्थना झाली आहे, पहारा राहिला आहे.

आधी टॉस पाहू. बॉल तळहातात घट्ट धरला की सोडताना मनगट झटकतं आणि बॉल डोक्याच्या मागे जातो. तो बोटांच्या पेरांवर ठेवा, पाण्यानं भरलेला पेला धरतो तसा. कोपर सरळ ठेवून हात खांद्यातून उचला आणि साधारण कपाळाच्या उंचीला बोटं उघडा. वर जाताना बॉल स्वतःभोवती फिरत असेल तर मनगट अजून मध्ये येतंय. तपासायची सोपी रीत अशी: पुढच्या पायासमोर, कोर्टाच्या आत रॅकेट जमिनीवर ठेवा, टॉस करा आणि न मारता बॉल पडू द्या. दहापैकी सात वेळा तो रॅकेटच्या जाळीवर पडला पाहिजे. मॅचमध्ये टॉस वाकडा गेला तर तो झेलून पुन्हा करायला नियमानं मुभा आहे, तो फॉल्ट नाही. रॅकेट फिरवली आणि बॉल हुकला, तर मात्र फॉल्ट. ही मुभा फार कमी लोक वापरतात. चारचौघांत टॉस सोडून द्यायची लाज वाटते आणि वाकड्या बॉलवरच हात चालवला जातो. टॉवरांच्या मधोमध असलेल्या कोर्टांवर संध्याकाळी वारा भोवरे घेतो, तेव्हा टॉस थोडा बुटका ठेवा.

आता हात. दुसरी सर्व्हिस नेटमध्ये जाते ती बहुतेक वेळा भीतीनं हात मंदावल्यामुळे. हात मंदावला की बॉलला फिरकी मिळत नाही. मग नुसता ढकललेला बॉल एक तर नेट खातो नाहीतर समोरच्या सर्व्हिसच्या चौकोनाबाहेर पडतो. उपाय उलटा वाटेल: दुसऱ्या सर्व्हिसला रॅकेटचा वेग पहिलीइतकाच ठेवायचा, फक्त तो बॉल पुढे ढकलण्यावर खर्च न करता फिरकीवर खर्च करायचा. ग्रिप हातोडी धरतो तशी हवी. पोळीच्या तव्याची पकड असेल तर फिरकी येणारच नाही. रॅकेट खालून वर, बॉलच्या पाठीवर घासत गेली पाहिजे. नेटच्या वर दोन-तीन फुटांचं अंतर धरून मारा, फिरकी बॉलला खाली आणते. नेट मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर आणि खांबांपाशी १०७ असतं, म्हणून अडचणीच्या वेळी सर्व्हिस मधल्या रेघेकडे टाका. तिथे पंधरा-सोळा सेंटिमीटर फुकट मिळतात. सराव करताना पहिली सर्व्हिस मारूच नका. तीस बॉल, सगळे दुसरी सर्व्हिस म्हणून; आधी सर्व्हिस लाइनवरून, मग अर्ध्यातून, मग बेसलाइनवरून.

"दुसरी सर्व्हिस म्हणजे देवाची कृपा" हे रूपक प्रवचनांत फार चालतं. आम्हाला ते लंगडं वाटतं. दुसरी सर्व्हिस नियमानं मिळते, दोघांनाही, मागावी लागत नाही. कृपा कुणाच्या हक्काची नसते. रूपकाचा एकच धागा टिकतो. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात येशूला नाकारलेल्या पेत्राला दुसरी संधी मिळाली ती "आता जपून राहा" अशी नव्हती. माझी मेंढरं चार, असं काम त्याच्या हाती दिलं गेलं. दुसऱ्या संधीला हात आखडायचा नसतो, एवढं त्यातून घ्यावं. आणि डबल फॉल्ट ही चूक आहे, पाप नाही. त्याचा कबुलीजबाब द्यायला फादरांकडे जाऊ नका, कोचकडे जा.

"आमच्या सोसायटीत शनिवारी चौघं खेळतो. एक जण अटीतटीच्या वेळी आतला बॉल बिनदिक्कत बाहेर देतो. तो आमच्याच चर्चच्या मंडळीतला आहे, म्हणून बोलायला अवघड जातं. मीही एकदा रागानं त्याचा आतला बॉल बाहेर दिला. बरोबरी झाली असं समजावं का?"
एक वाचक, ऐरोली

बरोबरी झाली नाही. आता खोटी मापं दोन झाली. खोटा तराजू परमेश्वराला वीट आणतो असं नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायाचं पहिलंच वचन सांगतं, आणि समोरच्या दुकानदाराचाही तराजू खोटा असेल तर चालेल अशी सवलत त्यात नाही.

पण आधी एक शक्यता तपासा. तो खोटं बोलतोय की त्याला दिसतच नाहीये? आपल्याकडच्या रंग दिलेल्या सिमेंटच्या कोर्टावर बॉलचा भरवशाचा वण उठत नाही. पळत असताना, डोकं हलत असताना, रेघेला आडवं बघणाऱ्याचा अंदाज हमखास चुकतो. रेघेच्या सरळीत उभा असलेल्याला चांगलं दिसतं. म्हणून डबल्समध्ये सर्व्हिस लाइनचा निकाल सर्व्हिस घेणाऱ्यानं न देता त्याच्या जोडीदारानं द्यावा, तो त्या रेघेच्या जवळपास सरळीत असतो. "बॉल आणि रेघ यांच्यात फट दिसली" तरच बाहेर. फट दिसली नाही, तर आत. बॉलची कड रेघेला चाटून गेली तरी आत.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं पंचाविना खेळण्यासाठी वेगळे नियम दिले आहेत. ते छापून कोर्टाच्या जाळीला लावा, निम्मी भांडणं मिटतील. आपल्या बाजूच्या रेघांचा निकाल आपण द्यायचा. "बाहेर" हे बॉल पडताक्षणी आणि समोरच्याला ऐकू जाईल असं म्हणायचं. शंका असेल तर निकाल प्रतिस्पर्ध्याच्या बाजूनं. "नीट दिसलं नाही, पुन्हा खेळू" ही आपल्याकडची लाडकी तडजोड नियमात बसत नाही. दिसलं नाही म्हणजे पॉइंट त्याचा. चुकून "बाहेर" म्हणालात आणि लगेच लक्षात आलं की आत होता, तर पहिल्या वेळी पॉइंट पुन्हा खेळायचा. पण समोरच्याचा फटका परतवता येण्यासारखाच नव्हता, किंवा तुमच्याकडून त्या मॅचमध्ये अशी चूक आधी झालेली आहे, तर पॉइंट तुम्ही गमावला. गुणांवरून वाद झाला तर दोघांना मान्य असलेले पॉइंट कायम ठेवायचे आणि वादातले तेवढेच पुन्हा खेळायचे. सर्व्हिस करणाऱ्यानं प्रत्येक पॉइंटआधी गुण मोठ्यानं सांगितले तर हा वाद सहसा उद्भवतच नाही.

त्या भावाशी कसं बोलायचं? पॉइंटनंतर एकदाच "नक्की ना?" एवढं विचारा आणि उत्तर येईल ते मान्य करून खेळा. हातवारे नकोत, जोडीदाराकडे बघून हसणं नको. असं दोन-तीनदा झालं, तर मत्तय १८:१५ प्रमाणे एकट्याला गाठा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको, चहाच्या टपरीवर बाकीच्यांसमोर नको. पार्किंगमध्ये, बॅगा ठेवताना, दोघांतच बोला. सुरुवात स्वतःच्या त्या खोट्या निकालापासून करा: "मागच्या शनिवारी तुझा तो बॉल आत होता, मी बाहेर दिला." हे आधी सांगितलंत की पुढचं वाक्य सोपं जातं. तेही वाक्य अमुक बॉलबद्दल असू द्या. "तू नेहमीच..." म्हणालात की बोलणं तिथेच संपलं. त्यानं ऐकलं नाही, तर पुढच्या वचनात सांगितल्याप्रमाणे आणखी एकाला बरोबर न्या. तरीही फरक पडला नाही, तर पाचव्या माणसाला पंच म्हणून बसवा. तेवढ्यावरून मंडळीत अबोला धरायचं कारण नाही.

असा प्रामाणिकपणा महाग पडतो हेही कबूल करायला हवं. २००५ साली रोमच्या मास्टर्स स्पर्धेत अँडी रॉडिक फर्नांडो व्हर्दास्कोविरुद्ध मॅच पॉइंटवर होता. व्हर्दास्कोची दुसरी सर्व्हिस बाहेर दिली गेली, म्हणजे मॅच तिथेच संपली होती. रॉडिकनं मातीवरचा वण पाहिला आणि बॉल आत होता असं आपणहून सांगितलं. निकाल फिरला, खेळ पुढे चालू राहिला आणि ती मॅच रॉडिक हरला. बक्षीस म्हणून देवानं त्याला पुढची फेरी दिली असा शेवट या गोष्टीला नाही, म्हणूनच ती सांगण्यासारखी आहे.

"मी अकरावीत आहे. जिल्हा स्पर्धेत मॅच जिंकू दे अशी प्रार्थना करणं चुकीचं आहे का? आई म्हणते कर, कोच म्हणतात फक्त बॉलकडे बघ."
एक वाचक, खारघर

आईचंही बरोबर आहे आणि कोचचंही. मनात आहे ते देवाजवळ बोलायला कधीच हरकत नाही, पण नेटपलीकडची मुलगीही कदाचित तेच मागत असेल. १९८९ ची फ्रेंच ओपन मायकल चँगनं सतराव्या वर्षी जिंकली. चौथ्या फेरीत पायात गोळे आलेले असताना त्यानं इव्हान लेंडलला खालच्या हातानं सर्व्हिस केली होती. जिंकल्यावर त्यानं येशू ख्रिस्ताचे जाहीर आभार मानले. यापुढचं सहसा कुणी सांगत नाही: त्यानंतर तो १९९५ ची फ्रेंच आणि १९९६ च्या ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन ओपनची फायनल खेळला आणि तिन्ही हरला. विश्वास तोच होता.

दोन पॉइंटांच्या मध्ये पंचवीस सेकंद असतात. त्यातले पहिले पाच रॅकेट डाव्या हातात घेऊन पाठ फिरवायला, मग एक दीर्घ श्वास आणि हवं तर एक ओळीची प्रार्थना. मग पुढची सर्व्हिस कुठे टाकायची ते ठरव आणि ठरल्यावर बदलू नकोस.

"मी आणि माझे मिस्टर मिक्स्ड डबल्स खेळतो. ते माझे बॉल घेतात, आणि माझा एक चुकला की घरी येईपर्यंत शिकवत राहतात. बायबलमधल्या उपदेशक या पुस्तकातलं 'एकट्यापेक्षा दोघं बरी' हे आमच्या लग्नात वाचलं होतं. कोर्टावर मात्र एकटी बरी असं वाटतं."
एक वाचक, वाशी

ताई, त्या वचनाच्या पुढची ओळ अशी की एक पडला तर दुसरा त्याला उचलतो. पडलेल्याला तो कसा पडला हे समजावत बसतो, असं तिथे नाही.

बॉल कुणाचा हा गोंधळ मात्र स्वभावाचा कमी आणि आधी न ठरवण्याचा जास्त असतो. मॅचआधी तीन गोष्टी बोलून घ्या. मधोमध आलेला बॉल ज्याचा फोरहँड मध्ये येतो त्याचा. दोघंही उजव्या हातानं खेळत असाल तर डाव्या अंगाला उभा असलेल्याचा. नेटजवळचा माणूस पुढे झेप घेऊन सहज मारू शकत असेल तर तो त्याचा, मागच्यानं थांबायचं. डोक्यावरून उंच गेलेल्या बॉलला मागच्यानं "माझा!" ओरडायचं आणि पुढच्यानं न विचारता बाजू बदलायची. "माझा" किंवा "तुझा" हा शब्द बॉल नेट ओलांडायच्या आत आला पाहिजे, नंतर आला तर दोन रॅकेटी एकमेकींवर आपटतात.

शिकवण्याबद्दल एक करार करा: बाजू बदलेपर्यंत चुकीवर एक शब्द नाही. पॉइंटनंतर दोघांनी जवळ यायचं, जिंकला असो वा हरला, रॅकेटीला रॅकेट लावायची आणि फक्त पुढच्या पॉइंटबद्दल बोलायचं. बाजू बदलताना नव्वद सेकंद मिळतात, तेव्हा एकच सूचना, तीही "करू या" अशा भाषेत. घरी जाताना गाडीत टेनिस बंद. सूर्य मावळण्याआधी राग सोडा असं प्रेषित पौलानं इफिसकरांस लिहिलं आहे. तुम्ही रात्री फ्लडलाइटमध्ये खेळत असाल, तर पाम बीच रोड लागायच्या आत सोडा.

याउपरही ते ऐकत नसतील, तर महिनाभर दोघांनी वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर खेळा. परक्या जोडीदाराला माणूस सहसा शिकवत नाही, आणि हे त्यांचं त्यांना कळू द्या.

"रविवारी सकाळी लीगच्या मॅच असतात. मिस्सा चुकते. काय करावं?"
एक वाचक, नेरूळ

कॅथलिक असाल तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारसाठी धरली जाते. आपल्या चर्चची वेळ बघून घ्या. इतर मंडळ्यांत संध्याकाळची उपासना असेल तर पाळकांशी बोला. आयोजकांना "सकाळी अकरानंतरची मॅच द्या" हे ड्रॉ पडायच्या आधी सांगा, नंतर सांगितलंत तर अडचण त्यांची होते. एखाद-दुसरा रविवार आणि वर्षभराचे सगळे रविवार यांत फरक आहे, आणि तुमचं यातलं कुठलं आहे हे तुम्हाला ठाऊक आहे.

"कोपराच्या बाहेरच्या बाजूला दोन महिने दुखतंय. चहाचा कप उचलतानाही कळ येते. पौल 'शरीर कुदलतो' म्हणतो, म्हणून सोसून खेळतो आहे."
एक वाचक, घोडबंदर रोड

थांबवा ते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौलानं वापरलेला मूळ ग्रीक शब्द मुष्टियुद्धातला आहे, डोळ्याखाली ठोसा मारणं असा. त्याला वासनेला आणि आळसाला मुठीत ठेवायचं होतं, स्नायूबंध फाडायचे नव्हते. थकलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूतानं उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, मग भाकर आणि पाणी दिलं, आणि वाट लांब आहे म्हणून पुन्हा खायला लावलं.

हे टेनिस एल्बोसारखं दिसतंय. कारणं रॅकेटमध्येही शोधा. पॉलिस्टरचं गटिंग (रॅकेटच्या जाळीच्या तारा) पंचावन्न-साठ पौंडांवर ताणलेलं असेल तर प्रत्येक धक्का कोपरात जातो. मऊ मल्टिफिलामेंट गटिंग पन्नासच्या आसपास करून घ्या. पॉलिस्टर न तुटताही मरतं, म्हणून "अजून तुटलं नाही" हे कारण चालवू नका. आठवड्यात जितके दिवस खेळता तितक्या वेळा वर्षात गटिंग बदलावं, असा ढोबळ हिशेब आहे. ग्रिप धरल्यावर बोटांची टोकं आणि तळहात यांच्यात दुसऱ्या हाताचं एक बोट मावलं पाहिजे. पावसाळ्यात घामानं ग्रिप निसटते, माणूस ती आवळून धरतो, आणि भिजलेला बॉल जड झालेला असतो. तिन्ही मिळून कोपर जातं. ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पट्टी) बदलत राहा, ओले बॉल बाजूला काढा. एका हाताच्या बॅकहँडला बॉल शरीराच्या मागे घेत असाल तर दोन हातांचा शिका.

व्यायाम असा: हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळवा खाली, हातात अर्ध्या लिटरची भरलेली बाटली. दुसऱ्या हातानं मनगट वर उचला, मग पाच मोजत सावकाश खाली सोडा. पंधरा वेळा, तीन फेऱ्या, रोज. थोडं दुखलं तर चालेल, कळ यायला नको. दोन महिने झालेच आहेत, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. बोटांत मुंग्या येत असतील किंवा रात्री दुखून जाग येत असेल तर या आठवड्यात.

"चर्चच्या आवारात १२ ते १५ वयाच्या वीस मुलांसाठी टेनिसवरून एक सत्र घ्यायचं आहे. कोर्ट नाही. 'लव्ह म्हणजे शून्य' यावरून सुरुवात करावी का?"
एक युवा-संघ प्रमुख, ठाणे पश्चिम

करू नका. टेनिसमधल्या 'लव्ह'च्या उगमाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, आणि मराठी बायबलमध्ये शब्द आहे 'प्रीती'. कोटी इंग्रजीतच राहते, मुलं कंटाळतात.

कोर्ट नसल्याचं वाईट वाटून घेऊ नका. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ मीटर लांब आणि ६.१ रुंद असतं, त्यावर लाल बॉलचं टेनिस छान होतं. हे बॉल नेहमीच्या पिवळ्या बॉलपेक्षा ७५ टक्के मंद असतात, खिडक्या फुटत नाहीत. नेट ८० सेंटिमीटरवर बांधा, दोन खुर्च्या आणि दोरी असली तरी चालेल. रेघा खडूनं जाड ओढा, चार बोटं रुंद. रेघेला लागलेल्या बॉलला खडू चिकटतो आणि पुरावा मिळतो. बारा बॉल, आठ रॅकेटी पुरे. जागा असेल तर अशी दोन कोर्टं आखा आणि दोघांविरुद्ध दोघं खेळवा.

पहिल्या फेरीत सात पॉइंटांचे सामने, पंच नाही, निकाल मुलांचेच. बाहेर बसलेल्या मुलांना कागद-पेन्सिल द्या. त्यांनी एक शब्द न बोलता प्रत्येक पॉइंटला 'आत' किंवा 'बाहेर' एवढंच लिहायचं. वीस मिनिटांनी कागद गोळा करा आणि खेळणाऱ्यांनी दिलेल्या निकालांशी ताडून बघा. नावं वाचायची नाहीत, फक्त किती ठिकाणी फरक पडला तो आकडा फळ्यावर लिहायचा. मग तीमथ्याला दुसऱ्या पत्रातलं २:५ वाचा: नियमाप्रमाणे खेळल्याशिवाय मुकुट नाही. सोबत लूक १६:१०. तुमचं बोलणं सात-आठ मिनिटांत आटपा. चर्चेला एकच प्रश्न पुरे: चुकलेले निकाल जास्त करून कुणाच्या फायद्याचे निघाले?

मग दुसरी फेरी, तशीच, कागदासकट. या फेरीला फादरांना बोलवा. भाषणाला नको, एक रॅकेट त्यांच्याही हाती द्या, आणि त्यांचे निकालही मुलांना लिहू द्या.